परिचारिकांचा कामाच्या ठिकाणी होणारा बुद्धिभेद : ओळखायचा कसा, मोजायचा कसा?



आपल्या भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, एरंडोल भागातल्या बऱ्याच मुली बारावीनंतर नर्सिंगला जातात. कुणी एएनएम करते, कुणी जीएनएम, कुणी बी.एस्सी. नर्सिंग. पुढे जळगाव, धुळे, नाशिक, पुणे, मुंबई जिथे जागा मिळेल तिथे त्या नोकरीला लागतात. मुलगी नोकरीला लागली की आपण विचारतो, पगार किती, खोली कुठे, नाईट किती लागतात, जेवणाचं काय. "तिथं तुझ्याशी कसं वागतात?" हा प्रश्न मात्र मागे राहतो. आणि विचारलाच, तर फोनवर एकच उत्तर येतं, "बरं आहे."

या लेखात आपण अशा एका त्रासाविषयी बोलणार आहोत, जो ज्याला होतो त्यालाच नीट सांगता येत नाही. मारहाण दिसते, शिवी ऐकू येते, पगार कापला तर कागदावर दिसतो. पण एखाद्या माणसाला हळूहळू स्वतःच्या आठवणीवर, स्वतःच्या कामावर शंका घ्यायला लावली, तर ते दाखवायचं कसं? जगभरातले संशोधक आता हे मोजायचा प्रयत्न करत आहेत, आणि त्यांच्या अभ्यासात परिचारिका पुढच्या रांगेत आहेत. चला तर मग, क्रमाने समजून घेऊ.

१. बुद्धिभेद म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत यासाठी 'गॅसलायटिंग' असा शब्द आहे. तो आला एका नाटकावरून. पॅट्रिक हॅमिल्टन या ब्रिटिश लेखकाचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यावरचा १९४४ चा हॉलिवूडचा चित्रपट फार गाजला आणि त्यातल्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. कथेतला नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि "तूच हरवल्यास" असं बायकोला सांगतो. तो वरच्या मजल्यावर चोरून दिवे लावतो, तेव्हा खालच्या गॅसच्या दिव्यांची ज्योत मंद होते. बायकोला ते दिसतं, पण तिला पटवून दिलं जातं की हे सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत. शेवटी तिला वाटू लागतं की आपलंच डोकं ठिकाणावर नाही. २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने हा शब्द 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला.

मराठीत आपल्याकडे 'बुद्धिभेद करणे' हा जवळचा शब्द आहे. बोलीत आपण 'चोराच्या उलट्या बोंबा' म्हणतो, तोही याच्याच शेजारचा. फरक एवढाच की इथे चोर नुसता बोंबलत नाही, तर ज्याची चोरी झाली त्यालाच "चोर मीच असेन" असं वाटायला लावतो. आपल्या अहिराणीत सांगायचं तर पोरगी शेवटी म्हणते, "जाऊ दे माय, मन्हीच चुकी व्हई."

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. वरिष्ठांनी चूक दाखवणं म्हणजे बुद्धिभेद नव्हे. इंजेक्शनचा डोस चुकला, सलाईनची नोंद राहिली, तर इन्चार्ज सिस्टर रागावणारच, कारण तिथे रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असतो. ते रागावणं घडलेल्या चुकीबद्दल असतं, आणि पुढे काय करायचं ते त्यातून कळतं. बुद्धिभेदात घडलेली गोष्टच नाकारली जाते. "मी असं सांगितलंच नव्हतं," "तुझ्या कानात काहीतरी बिघाड आहे," "तुला सगळ्याचंच लागतं," "बाकी कुणाला त्रास नाही, तुलाच कसा होतो?" अशी वाक्यं एकदा नाही, तर पुन्हा पुन्हा येतात. आणि ती बोलणाऱ्या माणसाच्या हातात ड्युटी लिस्ट असते, रजा असते, अनुभवाचा दाखला असतो.

२. परिचारिकांच्या बाबतीतच हा प्रश्न एवढा का?

याची कारणं रुग्णालयाच्या कामाच्या रचनेतच आहेत.

• उतरंड पक्की असते. आपल्या सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, तिच्यावर अधिसेविका म्हणजे मेट्रन. शिवाय डॉक्टरांची वेगळी उतरंड. नवी मुलगी या सगळ्यांच्या तळाशी असते.

• बऱ्याच सूचना तोंडी असतात. गडबडीच्या वेळी "हे दे, ते थांबव" असं सांगितलं जातं. केस पेपरवर नोंद नंतर होते. अशा वेळी "मी असं म्हणालेच नाही" हे वाक्य अगदी सोपं होऊन बसतं.

• पाळ्या बदलतात. सकाळची, दुपारची, रात्रीची ड्युटी. आज जिच्यासमोर घडलं ती उद्या दुसऱ्या पाळीला. साक्षीदार मिळत नाही. त्यात जागरणाने थकलेल्या माणसाला "तूच विसरलीस" हे पटकन पटतं.

• चुकीची भीती खरी असते. इथे विसरणं खरंच धोक्याचं आहे. त्यामुळे प्रामाणिक परिचारिका स्वतःवर आधी शंका घेते. तिचा हा चांगला गुणच तिच्याविरुद्ध वापरला जातो.

• सोडून जाणं सोपं नसतं. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या केरळच्या तरुण परिचारिकेच्या आत्महत्येनंतर बाँड आणि अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रं हा विषय देशभर पेटला, परिचारिका रस्त्यावर उतरल्या. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी समिती नेमण्याचे निर्देश दिले आणि खासगी रुग्णालयातल्या पगाराबद्दल शिफारशी आल्या. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, ही त्यातली एक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या परिचारिकांमध्ये सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः मुलींचा, आणि पर्यायाने आपल्या घरांचा आहे.

३. जळगावच्या घरातली एक वेदना

डॉ. पायल तडवी हे नाव आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. त्या परिचारिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. पण रुग्णालय, उतरंड आणि मानसिक छळाचा आरोप या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या, म्हणून हे उदाहरण इथे घेते. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. वय २६. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून अपमान केला, कामावरून छळलं, असा आरोप कुटुंबाने केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पायलने घरी हे सांगितलं होतं आणि आई आबेदा तडवी यांनी महाविद्यालयापर्यंत तक्रार नेण्याचा प्रयत्नही केला होता. गुन्हा नोंदला गेला, आरोपपत्र दाखल झालं. दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, आपलं नाही. याच आबेदाताई रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबावा म्हणून.

शिक्षक म्हणून मला या प्रकरणात एक प्रश्न सतत पडतो. मुलगी सांगते, आई धावते, तरीही संस्थेच्या कागदावर काहीच का उमटत नाही? याचं एक कारण असं की "त्रास होतो" हे वाक्य संस्थेला तक्रार वाटत नाही, स्वभाव वाटतो. "नाजूक आहे, जमवून घेईल," असं म्हणून ते बाजूला पडतं. मोजमापाची गरज इथे सुरू होते.

४. मोजमापाची गोष्ट : स्वीडनपासून ग्रीसपर्यंत

कामाच्या ठिकाणचा मानसिक छळ शास्त्रीय पद्धतीने अभ्यासणाऱ्या पहिल्या लोकांत हाइन्झ लेमान यांचं नाव येतं. जन्माने जर्मन, काम स्वीडनमध्ये. १९८० च्या दशकात त्यांनी सुरुवातीला जी प्रकरणं पाहिली, त्यांत परिचारिका होत्या. कामावरच्या घटनांमुळे त्यांनी जीव दिला होता किंवा तसा प्रयत्न केला होता. लेमान यांनी "तुम्हाला छळलं का?" असं विचारण्याऐवजी छळात प्रत्यक्ष काय काय केलं जातं याची यादी केली. बोलू न देणं, पाठीमागे बोलणं, मुद्दाम निरर्थक काम देणं, एकटं पाडणं, अशा ४५ कृती त्यात आहेत. त्यांनी एक कसोटीही ठेवली, की अशी कृती आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने होत असेल तर तिला छळ म्हणायचं. एखाद्या दिवसाचं भांडण त्यातून आपोआप वगळलं गेलं.

पुढे नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या स्टाले आयनार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज ती जगात खूप वापरली जाते. गेल्या सहा महिन्यांत हे किती वेळा घडलं, असं प्रत्येक विधानापुढे विचारतात. उत्तरं पाच : कधीच नाही, कधीतरी, महिन्यातून, आठवड्यातून, रोज. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण गुण २२ ते ११० मध्ये येतात. त्या २२ विधानांत 'छळ' हा शब्द कुठेच नाही. छळाची व्याख्या देऊन थेट प्रश्न विचारायचा असेल तर तो अगदी शेवटी. कारण सुरुवातीलाच "तुमचा छळ होतो का?" म्हटलं, की माणूस बिचकतो, लाजतो, "नाही" म्हणतो.

केवळ बुद्धिभेद मोजणाऱ्या फूटपट्ट्या अलीकडच्या आहेत. प्रियम कुकरेजा आणि जतीन पांडे या भारतीय संशोधकांनी २०२३ मध्ये १२ विधानांची फूटपट्टी मांडली. तिचे दोन भाग आहेत : समोरच्याला आणि त्याच्या म्हणण्याला क्षुल्लक ठरवणं, आणि त्याला मनस्ताप देणं. २०२५ मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी ११ विधानांची फूटपट्टी तयार केली आणि ती परिचारिकांमध्येही तपासली. तिचेही दोन भाग : स्वतःवरचा विश्वास उडणं आणि अधिकाराचा गैरवापर.

ग्रीसच्या फूटपट्टीचे हे दोन भाग नीट पाहा. एक भाग म्हणजे समोरचा काय करतो, दुसरा म्हणजे त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला. दोन्ही वेगवेगळे मोजले तर बरंच कळतं. गैरवापर जास्त पण आत्मविश्वास शाबूत असेल, तर अजून वेळ गेलेली नाही. दोन्ही जास्त असतील, तर तातडीने आधार द्यायला हवा. आत्मविश्वास ढासळलाय पण गैरवापर फारसा दिसत नाही, तर कारण वेगळं असू शकतं. नवी नोकरी, झोप नाही, घरची काळजी किंवा नैराश्य. तिथे वरिष्ठांवर बोट ठेवण्याची घाई करू नये.

५. आपल्याला हे आधीपासून माहीत आहे!

डी.एड.ला मूल्यमापन शिकताना दोन शब्द आपण घोकले होते : वैधता आणि विश्वसनीयता. तेच इथे लागतात.

वैधता म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जाणं. गणिताच्या पेपरात शाब्दिक उदाहरणाची भाषा फार अवघड असेल, तर आपण गणित नाही, वाचन मोजतो. तसंच, "मी कामावर नाखूश आहे" या विधानाने बुद्धिभेद मोजला जात नाही. पगार कमी असला तरी माणूस नाखूश असतो.

विश्वसनीयता म्हणजे फूटपट्टी रबराची नसणं. आज मोजलं आणि मधे काही न बदलता दोन आठवड्यांनी मोजलं, तर उत्तर साधारण तेच यावं. शिवाय एकाच गोष्टीबद्दलची विधानं एकमेकांशी जुळावीत. हे जुळणं आकड्यात सांगायला ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये सुचवलेला 'अल्फा' वापरतात. तो साधारण ०.७० च्या वर असला तर चालतो, असा प्रघात आहे.

तिसरी गोष्ट तर आपल्या रोजच्या हाताखालची, वर्णनात्मक नोंद. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदवहीत आपण "मुलगा आळशी आहे" असं लिहीत नाही. "या आठवड्यात तीन दिवस गृहपाठ अपूर्ण, विचारल्यावर उत्तर देतो" असं लिहितो. शिक्का मारत नाही, वागणं लिहितो. लेमान यांनी केलं ते यापेक्षा वेगळं नाही. "ती छळते" हा शिक्का झाला. "या महिन्यात चार वेळा तोंडी सूचना देऊन नंतर नाकारली" ही नोंद झाली. शिक्क्यावर वाद होतो, नोंद तपासता येते.

६. मराठीत आणताना घ्यायची काळजी

परदेशी प्रश्नावली नुसती भाषांतर करून वाटली तर काय होईल? साधं उदाहरण घ्या. "माझी वरिष्ठ माझ्याशी बोलली" आणि "माझी वरिष्ठ मला बोलली". एका प्रत्ययाने अर्थ उलटतो. पहिल्यात संवाद आहे, दुसऱ्यात रागावणं. भाषांतर करणाऱ्याने इथे गफलत केली, तर सगळी उत्तरं चुकीची. 'सिस्टर' म्हटलं की बहीण की परिचारिका? "माझ्याकडे दुर्लक्ष होतं" म्हटलं तर एखादी म्हणेल, ड्युटीत माझंच लक्ष नसतं असं विचारताय का?

म्हणून एक पद्धत वापरतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ती नीट मांडली. एकाने इंग्रजीतून मराठीत आणायचं. दुसऱ्याने मूळ न बघता मराठीतून परत इंग्रजीत न्यायचं. मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून कुठे अर्थ घसरला ते पाहायचं. त्यानंतर चार-पाच परिचारिकांना समोर बसवून "या वाक्याचा तुम्हाला काय अर्थ लागला?" असं विचारायचं. आपल्याकडे तर घरची बोली अहिराणी, शाळेची मराठी, नर्सिंगच्या पुस्तकांची इंग्रजी. त्यामुळे हा शेवटचा टप्पा टाळून चालणारच नाही.

आणखी एक. गुणांच्या सीमारेषाही जशाच्या तशा उचलता येत नाहीत. नॉर्वेच्या प्रश्नावलीसाठी ३३ आणि ४५ असे दोन टप्पे सुचवले गेले, पण ते तिथल्या कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून. जिथे मोठ्याने बोलणं रोजचंच मानलं जातं, तिथे माणसं काय 'घडलं' म्हणून नोंदवतील, हे वेगळं असू शकतं.

७. एक नमुना करून पाहू

खालची सहा विधानं कोणत्याही प्रश्नावलीतली नाहीत. मुद्दा समजावा म्हणून मी ती तयार केली आहेत, त्यामुळे तपासणीसाठी वापरू नयेत. कालावधी गेले सहा महिने. गुण : कधीच नाही ०, कधीतरी १, महिन्यातून २, आठवड्यातून ३, रोज ४.

१. मला तोंडी सूचना दिली आणि नंतर "मी असं सांगितलंच नाही" म्हटलं.
२. माझ्या तक्रारीवर "तुला सगळंच लागतं" असं म्हणून विषय संपवला.
३. हँडओव्हरमध्ये महत्त्वाची गोष्ट मला सांगितली नाही आणि नंतर मला जबाबदार धरलं.
४. सगळ्यांकडून होते तशा लहान चुकीवरून मला चारचौघांत नालायक ठरवलं.
५. "बाकी सगळ्या तुझ्याबद्दल असंच बोलतात" असं मला सांगितलं.
६. मी केलेली नोंद माझी मलाच खोटी वाटू लागली.

एकूण गुण ० ते २४. आता समजा, दोन वॉर्ड आहेत, प्रत्येकी दहा परिचारिका. पहिल्या वॉर्डात नऊ जणींना प्रत्येकी २ गुण आणि एकीला २०. बेरीज ३८, सरासरी ३.८. दुसऱ्या वॉर्डात दहाही जणींना ४. सरासरी ४. सरासरी पाहिली तर दुसरा वॉर्ड किंचित वाईट वाटेल. पण खरा धोका पहिल्या वॉर्डात आहे, तिथे एकीला वेचून त्रास दिला जातोय. वर्गाची सरासरी चांगली म्हणून मागे राहिलेलं एक मूल दिसेनासं होतं, तसंच हे. आणि एखाद्या वॉर्डात दहाही जणींना १४-१५ गुण आले, तर प्रश्न एका 'नाजूक' मुलीचा नसून त्या वॉर्डाच्या कारभाराचा आहे, हे कुणालाही कळेल.

मोजमापाचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. एकट्या मुलीला वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय. आकडा तिला दाखवतो की हे मोजता येण्यासारखं आहे, याला नाव आहे, आणि ते इतरांनाही होतं. ज्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास काढून घेतलाय, त्याला तारीख-वार लिहिलेला कागद खूप मोठा आधार असतो.

८. मोजमापाच्या मर्यादा

• प्रश्नावलीचे गुण म्हणजे निकाल नव्हे. ते सांगतात की इथे पाहा. दोष कुणाचा हे चौकशीनेच ठरतं.

• प्रश्नावली कोण गोळा करतं, यावर सगळं अवलंबून आहे. इन्चार्जनेच अर्ज वाटले आणि तिनेच परत घेतले, तर सगळीकडे 'कधीच नाही' हेच येणार. बाहेरच्या माणसाने, नाव न लिहिता, बंद पेटीत गोळा करायला हवं.

• चार-पाच जणींच्या वॉर्डात नाव न लिहिताही अक्षरावरून, नोकरीच्या वर्षांवरून माणूस ओळखू येतो. तिथे अनेक वॉर्डांचे अर्ज एकत्र करावेत.

• मोजून गप्प बसलं तर नुकसानच होतं. "आम्ही सांगितलं, काही झालं नाही," असं एकदा वाटलं की पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही.

९. कायदा कुठवर साथ देतो?

लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. शिकणाऱ्या मुलींसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. रुग्णाच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीसारख्या प्रकारांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. पण नोकरी करणाऱ्या परिचारिकेचा वरिष्ठांकडून होणारा निव्वळ मानसिक छळ यातल्या कुठल्याच चौकटीत सरळ बसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसेबद्दल करार स्वीकारला, त्यात मानसिक इजेचाही समावेश आहे. आपल्याकडे मात्र अशा तक्रारीची भिस्त संस्थेच्या आतल्या व्यवस्थेवर, आणि म्हणून लेखी नोंदीवर राहते.

१०. पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावं?

प्रश्न बदला. "कसं चाललंय?" याचं उत्तर "बरं" असंच येतं. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात तुला कुणी काय सांगितलं? नंतर ते नाकारलं का? तेव्हा सोबत कोण होतं? हे याआधी कधी झालं होतं?" कृती विचारा, किती वेळा ते विचारा.

काही वाक्यं टाळा. "सगळीकडे असंच असतं," "तूच जरा जमवून घे," "एवढ्या पैशाने शिकवलं ते यासाठी का?" हॉस्पिटलात "तुलाच लागतं" ऐकून आलेल्या मुलीला घरीही तेच ऐकायला मिळालं, तर तिला बोलायला दुसरी जागाच राहत नाही. त्याऐवजी "तू सांगतेस ते मी ऐकतोय, आपण लिहून ठेवू" एवढं म्हणा.

वही ठेवायला सांगा. तारीख, वेळ, शक्यतो शब्दशः काय बोललं गेलं, कोण हजर होतं, कामावर काय परिणाम झाला. त्याच दिवशी लिहायचं. रुग्णाचं नाव किंवा आजार यात लिहायचा नाही, ती गुप्तता पाळायची. तोंडी सूचना मिळाली की "मॅडम, केस पेपरवर लिहून सही करता का?" असं आदराने विचारायची सवय लावायची.

बाँडवर सही करण्याआधी वाचा. मुलगी एकटी वाचत असेल तर सोबत बसा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका, पडताळणीनंतर परत घ्या.

धोक्याची खूण ओळखा. मुलगी साध्या साध्या गोष्टी तीन-तीनदा विचारून खात्री करू लागली, सारखी माफी मागू लागली, झोप उडाली, "माझ्याने काहीच होत नाही" असं म्हणू लागली, तर वहीची वाट पाहू नका. तिच्याकडे जा किंवा तिला घरी आणा. नोकरी पुन्हा मिळते. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत आहे. महाविद्यालयात शिकत असेल तर रॅगिंगविरोधी राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. हे दोन्ही आजच तिच्या फोनमध्ये टाकून ठेवा.

आणि शिक्षकांसाठी. "बाई, मी असं केलंच नाही" म्हणणाऱ्या मुलाला "खोटं बोलू नकोस" म्हणण्याआधी दोन मिनिटं ऐकून घेऊ या. "तुला काय आठवतं ते सांग" असं विचारू या. पहिली ते चौथीच्या वर्गात ज्या मुलीला आपल्या आठवणीवर विश्वास ठेवायला शिकवलं, जिला "मला हे असं दिसलं" असं उभं राहून सांगता येतं, ती उद्या वॉर्डातही "मॅडम, तुम्ही दहा वाजता असं सांगितलं होतं, मी लिहून ठेवलंय" एवढं म्हणू शकेल. परिसर अभ्यासातली निरीक्षणाची नोंद, भाषेतलं अनुभवकथन, रोजची चार ओळींची दैनंदिनी, हे उपक्रम आपण करतोच. ते करताना हा हेतूही मनात ठेवू या.

विचार करा

१. "ती मला त्रास देते" या वाक्याचं वर्णनात्मक नोंदीत रूपांतर करा.
२. आपल्या शाळेत शिक्षकांसाठी अशी प्रश्नावली घ्यायची झाली, तर ती कोणी गोळा करावी? का?
३. नमुन्यातल्या सहा विधानांपैकी कोणतं विधान इतरांपेक्षा वेगळ्या प्रकारचं आहे? (सूचना : पाच विधानं समोरच्याच्या कृतीबद्दल आहेत.)

आपल्या ओळखीतली एखादी मुलगी नर्सिंगला असेल, तर दहाव्या भागातले चार प्रश्न तिला या रविवारच्या फोनवर विचारून पाहा.